आदिजीवांवरील आरोप

शेतात उभ्या असलेल्या पिकाच्या माथ्यावर नत्रवायूचा अथांग सागर पसरलेला असतो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचाच असतो. तरीही नत्रावाचून पिकाची पाने पिवळी पडतात, कणसे भरत नाहीत आणि शेतकऱ्याची वर्षाची मेहनत वाया जाते. समुद्रात राहून तहानेने व्याकूळ व्हावे, त्यातलाच हा प्रकार. याचे कारण असे की, हवेतील मोकळा नत्र वनस्पतीला जसाच्या तसा घेता येत नाही. तो कोणीतरी बांधून, संयुगाच्या रूपात तिच्या मुळाशी आणून द्यावा लागतो. हे काम निसर्गात मुख्यत्वेकरून मातीतील काही जीवाणू करतात. परंतु ज्या मातीत हे उपकारी जीवाणू नांदतात, त्याच मातीत त्यांना गिळून जगणारे आदिजीवही वावरत असतात. मग हे आदिजीव शेतीचे वैरी मानावयाचे की नाही? साधा दिसणारा हा प्रश्न एका शतकाहून अधिक काळ शास्त्रज्ञांना छळीत आला आहे, आणि त्याच्या उत्तराची पालटत गेलेली रूपे मोठी उद्बोधक आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नत्राचा प्रश्न केवळ शास्त्रीय राहिला नव्हता, तो अन्नाचा प्रश्न झाला होता. १८९८ साली ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना सर विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला की, गव्हावर जगणाऱ्या राष्ट्रांपुढे नत्रखताचा तुटवडा उभा राहणार आहे. चिली देशातील सोऱ्याचे साठे काही अक्षय नव्हते. हवेतील नत्र बांधण्याची कृत्रिम रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. तोपर्यंत शेतीची सारी भिस्त शेणखतावर, सोऱ्यावर आणि मातीतील अदृश्य कामकऱ्यांवरच होती.

या कामकऱ्यांची ओळख पटण्यासही बराच काळ लागला. इंग्लंडमधील हार्पेंडन गावी सर जॉन बेनेट लॉज यांनी १८४३ मध्ये स्थापन केलेले रोथॅमस्टेड हे शेतकी संशोधनाचे केंद्र जगप्रसिद्ध आहे. तेथे लॉज, त्यांचे सहकारी गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी वनस्पती हवेतील नत्र घेतात की काय, याची अत्यंत काटेकोर परीक्षा केली. बाहेरचा नत्र कोणत्याही वाटेने आत शिरू नये म्हणून त्यांनी माती भाजून घेतली होती. १८६१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत. प्रयोगात खोट नव्हती. मात्र माती भाजताना ज्यांच्याकरवी हे काम व्हावयाचे, ते जीवाणूच नाहीसे झाले होते.

पुढे १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल यांनी जाहीर केले की, वाटाण्यासारख्या शेंगावर्गीय वनस्पतींना त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्राचा लाभ होतो. आपले सहकारी विल्फार्ट यांच्यासह त्यांनी याचा सविस्तर वृत्तांत १८८८ मध्ये छापला. त्याच वर्षी हॉलंडमधील बायरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळे काढून वाढविले. आज त्यांना रायझोबियम म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९३ मध्ये हवेवाचून जगणारा, मातीत मोकळा राहणारा एक नत्रबंधक जीवाणू दाखविला; आणि १९०१ मध्ये बायरिंक यांनीच हवेत वाढणाऱ्या ॲझोटोबॅक्टरचे वर्णन केले. अशा रीतीने नत्र बांधणाऱ्यांची दोन घराणी पुढे आली. एक वनस्पतीच्या मुळाशी घर करून राहणारे आणि दुसरे मातीत स्वतंत्रपणे वावरणारे.

आदिजीवांची कथा याहून जुनी आहे. डेल्फ्ट येथील लेवेनहूक यांनी १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात हे एकपेशीय प्राणी प्रथम पाहिले. त्यामुळे ते पाण्याचे रहिवासी अशीच समजूत रूढ झाली. एरेनबर्ग यांनी १८३७ मध्ये मातीतील आदिजीवांची नोंद केली, तरी त्यांच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. वस्तुतः मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, तेच त्यांचे सरोवर. त्यात अमीबा आपले अंग पसरीत सरकतो, चाबकासारखी शेपटी असलेले कशाभिक धावतात आणि अंगभर बारीक केस असलेले रोमक पोहतात. माती सुकली की यांतील पुष्कळसे आदिजीव स्वतःभोवती टणक कवच करून निद्रिस्त होतात. त्या अवस्थेला कोश म्हणतात. ओल आली की कोश फुटतो आणि शिकार पुन्हा सुरू होते. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये जीवाणूंची संख्या कोट्यवधी, कधी अब्जाच्याही घरात जाते. आदिजीवांची संख्या हजारांत वा लाखांत मोजावी लागते.

या दुर्लक्षित प्राण्यांवर आरोप आला तो अगदी अनपेक्षित वाटेने. युरोपात द्राक्षवेलींच्या मुळांवर फायलोक्सेरा नावाच्या किडीने धुमाकूळ घातला, तेव्हा ती मारण्यासाठी जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडीत असत. कीड मरे ती मरेच, पण त्यानंतर जमिनीत पीकही अधिक जोमाने येई, असे आल्सेस प्रांतातील द्राक्षबागाईतदार ओबर्लिन यांनी १८९४ मध्ये नमूद केले. विष घातल्याने जमीन सुपीक व्हावी, हे कोडेच होते. १९०७ मध्ये डार्बिशायर आणि एडवर्ड जॉन रसेल यांनी दाखवून दिले की, माती अंशतः निर्जंतुक केल्यास तिच्यातील प्राणवायू शोषण्याची क्रिया आणि तिची उत्पादकता दोन्ही वाढतात. त्याच वर्षी रसेल रोथॅमस्टेडला आले. १९१२ ते १९४३ अशी एकतीस वर्षे ते त्या संस्थेचे संचालक होते.

१९०९ मध्ये रसेल आणि जीवाणुशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी या कोड्याचे उत्तर मांडले. त्यांची तर्कपद्धती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. माती तापविली किंवा तिच्यावर टोल्युइनसारखे बाष्पशील द्रव्य घातले, की जीवाणूंची संख्या प्रथम झपाट्याने घटते. परंतु थोड्याच दिवसांत ती मूळ संख्येच्या कितीतरी पट वाढते आणि मातीत अमोनिया साठू लागतो. म्हणजे मूळ मातीत जीवाणूंच्या वाढीला आळा घालणारे काहीतरी असले पाहिजे, आणि ते या उपायाने नष्ट झाले असले पाहिजे. ते एखादे विषारी द्रव्य असेल काय? तसे दिसेना, कारण उपचार केलेल्या मातीत चिमूटभर साधी माती मिसळली, की काही काळाने तो आळा पुन्हा दिसू लागे. जे थोडेसे पेरले असता वाढते, ते सजीवच असले पाहिजे. ते जीवाणूंहून सावकाश वाढणारे आणि मध्यम उष्णतेनेही मरणारे होते. ही सारी लक्षणे आदिजीवांना लागू पडत होती. तेव्हा रसेल आणि हचिन्सन यांचा निष्कर्ष असा की, आदिजीव जीवाणूंना खाऊन त्यांची संख्या दाबून ठेवतात आणि त्यामुळे जमिनीची सुपीकता मर्यादित राहते.

ज्या संस्थेत पन्नास वर्षांपूर्वी भाजलेल्या मातीमुळे उपकारी जीवाणू नजरेआड राहिले, त्याच संस्थेत तापविलेल्या मातीमुळे आता त्यांचे भक्षक नजरेत भरले. या सिद्धांताचा बोलबाला होण्यास वेळ लागला नाही. काचगृहांत वर्षानुवर्षे टोमॅटो आणि काकड्या घेऊन थकलेली माती वाफेने तापविली असता पुन्हा फळते, हा इंग्लंडमधील बागाईतदारांचा अनुभव होता. त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका जुन्या चालीची आठवण होणे साहजिक आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताची रोपे करण्यापूर्वी राब भाजण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. झाडांचे टहाळे, शेण, पालापाचोळा वाफ्यावर पसरून ते पेटवावयाचे आणि पावसाच्या तोंडाशी त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरावयाचे. जंगलखात्याला ही चाल झाडांची नासाडी वाटे, शेतकऱ्याला ती जीवनावश्यक वाटे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन, तसेच एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम भारतातील राबपद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राखेचा खत म्हणून होणारा उपयोग एवढ्यावरच न थांबता, जमीन तापण्याचा परिणामही त्यांनी तपासला. ज्या प्रश्नाने हार्पेंडनच्या प्रयोगशाळेत खळबळ उडविली होती, त्याच्याच एका बाजूचा शोध मावळ-कोकणच्या वाफ्यांवर घेतला जात होता. हेच मॅन पुढे इंग्लंडात वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर काम करू लागले, आणि कानिटकर यांचे नाव सोलापूरच्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनाशी कायमचे जोडले गेले.

आदिजीवांवर आरोप झाला खरा, पण आरोप म्हणजे पुरावा नव्हे. पहिला आक्षेप मूलभूत होता. मातीत आदिजीव सापडतात हे मान्य. पण ते तेथे हिंडतात-फिरतात की नुसते कोशात झोपलेले असतात? झोपलेला प्राणी कोणाची शिकार करणार? गुडी यांनी रोमक आदिजीवांविषयी नेमकी हीच शंका काढली. अमेरिकेत वॅक्समन आणि शर्मन यांनीही १९१६ च्या सुमारास रसेल यांच्या सिद्धांताला विरोध केला. उलटपक्षी मार्टिन आणि लेविन यांनी ताज्या मातीतून जागृत अमीबा वेगळे करून दाखविले. वाद मिटेना, कारण जागे किती आणि निद्रिस्त किती, हे मोजण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते.

ते साधन डोनाल्ड वॉर्ड कटलर यांनी १९२० मध्ये दिले. मातीच्या नमुन्याचे दोन भाग करावयाचे. एका भागातील सगळे आदिजीव मोजावयाचे. दुसरा भाग रात्रभर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवावयाचा. त्यात जागृत आदिजीव मरतात, कवचातले मात्र वाचतात. दोहोंतील वजाबाकी म्हणजे जागृतांची संख्या. युक्ती इतकी साधी की ती आधी कोणाला कशी सुचली नाही, याचे आश्चर्य वाटावे. हे माप हाती येताच कटलर, लेटिस क्रम्प आणि हॅरल्ड सँडन यांनी शेतातील जीवाणूंची आणि आदिजीवांची मोजणी रोजच्या रोज, एक दिवसही खंड न पाडता सलग ३६५ दिवस केली. तिचा वृत्तांत १९२२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संख्या दिवसागणिक बदलत होत्या. आणि ज्या दिवशी जागृत अमीबा वाढत, त्या दिवशी बहुधा जीवाणू घटत, अमीबा घटले की जीवाणू वाढत. आरोपीचा घटनास्थळी वावर होता, आणि तो शिकारही करीत होता, एवढे आता नक्की झाले.

येथेच खटला संपावयास हवा होता. पण रसेल यांच्या सिद्धांतात एक गृहीत दडलेले होते. जीवाणूंची संख्या घटली म्हणजे त्यांचे कामही घटले, हे ते गृहीत. सरकारी कचेरीत माणसे मोजून काम मोजता येत नाही, तसेच मातीतही असेल, ही शंका कोणी तरी घेणे आवश्यक होते. नत्र बांधणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत ती प्रत्यक्ष कसोटीला लागली. १९२३ मध्ये एस. एम. नासिर यांनी रोथॅमस्टेडलाच ॲझोटोबॅक्टर एकदा एकटा आणि एकदा आदिजीवांसह वाढवून, दोन्हींत किती नत्र बांधला गेला ते पाहिले. आदिजीवांच्या संगतीत नत्र कमी न होता बहुतेक वेळा वाढलेला आढळला. त्यानंतर १९२६ मध्ये कटलर आणि डी. व्ही. बाल यांनी ॲझोटोबॅक्टर क्रोकोकम या जातीवर अधिक विस्ताराने प्रयोग केले. नागपूर येथे मध्य प्रांताच्या शेतकी खात्यात रसायनशास्त्राचे संशोधन केलेले हे बाल. त्यांच्या प्रयोगांतूनही तोच निर्णय निघाला. भक्षक हजर असताना भक्ष्याने अधिक नत्र बांधला होता.

हे कसे घडावे? जीवाणूंची वस्ती एकदा दाट झाली, की नवे जन्म थांबतात; म्हातारे, मंद जीवाणू साखर संपवीत राहतात, पण नत्र बांधण्याचे काम थंडावते. आदिजीव त्यांतील काहींना सतत वेचीत राहिले, की जागा मोकळी होते आणि उरलेले जीवाणू पुन्हा पुन्हा विभागून तरुण राहतात. गवताचे कुरण गुरांनी चरले असता त्याला नवे कोंब फुटतात, तद्वत्‌च हे. कुरणाची उंची मोजून त्याची वाढ कळत नाही. तसेच जीवाणूंची शिरगणती करून त्यांचे काम कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, अमेरिकेत हर्वी आणि ग्रीव्ह्‌ज यांनी हाच विषय पुन्हा प्रयोगास घेतला.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. बशीतील द्रवात वाढणारा ॲझोटोबॅक्टर ही एक गोष्ट, आणि शेतात बियाण्याबरोबर पेरलेला रायझोबियम ही अगदी दुसरी गोष्ट. ॲझोटोबॅक्टरचे काम मातीतच चालते. रायझोबियमला मात्र मुळापर्यंत जिवंत पोहोचल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. वाटेत त्याची शिकार झाली, तर पुढची गाठ बांधली जाणार कशी? नॉबे आणि हिल्टनर यांनी १८९६ च्या सुमारास अशा जीवाणूंचे संवर्धन बाजारात आणले, तेव्हापासून एके ठिकाणी उत्तम गुण येतो आणि दुसरीकडे काहीच दिसत नाही, हा अनुभव जगभर येत राहिला.

१९७५ मध्ये डान्सो, किया आणि मार्टिन अलेक्झांडर यांनी या अपयशाचे एक कारण उजेडात आणले. साध्या मातीत रायझोबियम मिसळताच त्याची संख्या घसरू लागे आणि आदिजीवांची संख्या चढू लागे. निर्जंतुक केलेल्या मातीत मात्र रायझोबियम टिकून राही. म्हणजे रसेल यांचा आरोप येथे खरा ठरत होता. पण त्याच वर्षी डान्सो आणि अलेक्झांडर यांनी आणखी एक मर्म दाखविले. आदिजीव रायझोबियमचा निर्वंश करीत नाहीत. भक्ष्याची संख्या एका मर्यादेखाली, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण दहा लाख ते एक कोटीच्या आसपास आली, की शिकार जवळजवळ थांबते. शिकार शोधण्यात जितकी शक्ती खर्च होते तितकी ती खाऊन मिळेनाशी झाली, की शिकारी थांबतो. मागे राहिलेले जीवाणू वंश टिकवून धरतात.

या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याचे दोन मार्ग पुढे आले. एक, शिकाऱ्याला रोखण्याचा. अलेक्झांडर यांच्या प्रयोगशाळेत थायरम या बुरशीनाशकाने आदिजीवांना काही काळ आवरून घेवड्याच्या मुळांवर रायझोबियमची वस्ती वाढविता आली. पण औषध शिकाऱ्याला मारते तसे शिकारीलाही मारू शकते, हे निराळे सांगावयास नको. दुसरा मार्ग शिकारीला आडोसा देण्याचा. हॉलंडमधील संशोधकांनी १९८८ मध्ये दाखविले की, बेंटोनाइट नावाची बारीक चिकणमाती मिसळली असता रायझोबियम अधिक टिकतो. मातीच्या कणांत इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की, जीवाणू त्यांत शिरतो पण आदिजीवाचे अंग त्यांत मावत नाही. ससा बिळात शिरावा आणि कोल्ह्याने बाहेर तिष्ठत राहावे, असे हे चित्र आहे.

या इतिहासाचे अखेरचे वळण बांधलेल्या नत्राच्या पुढील प्रवासाशी निगडित आहे. जीवाणूंनी नत्र बांधला किंवा कुजणाऱ्या पाल्यातून गोळा केला, तरी तो त्यांच्याच देहात अडकून राहिला तर पिकाला काय उपयोग? १९८५ मध्ये स्वीडनमधील मारियान क्लारहोल्म यांनी दाखविले की, मातीत आदिजीव असताना गव्हाच्या रोपांनी अधिक नत्र घेतला. मुळांतून झिरपणाऱ्या शर्करेवर जीवाणू पोसतात, आदिजीव त्यांना खातात, खाल्लेल्या कर्बाचा बराच भाग श्वसनात जाळतात आणि गरजेहून जास्त झालेला नत्र अमोनियाच्या रूपाने मुळाशी टाकून देतात. १९०९ मध्ये ज्यांना नत्राच्या वाटेतील धोंड ठरविले होते, तेच नत्राचे टाळे उघडणारे निघाले.

मग रसेल आणि हचिन्सन चुकले म्हणावयाचे काय? त्यांनी पाहिलेले सारे खरे होते. माती तापविल्याने सुपीकता वाढते, हेही खरे. पण त्या वाढीचे श्रेय एकट्या आदिजीवांच्या मृत्यूला देता येत नाही. उष्णतेने मेलेल्या असंख्य सूक्ष्मजीवांचे देह आणि मातीतील सेंद्रिय द्रव्ये वाचलेल्या जीवाणूंचे खाद्य बनतात, त्यातूनही अमोनिया सुटतो, आणि रोगकारक बुरशी व किडीही नाहीशा होतात. एका परिणामाला एकच कारण असावे, ही मनुष्याच्या बुद्धीची ओढ असते. माती त्या ओढीला दाद देत नाही. मात्र त्यांनी प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडला होता की, पुढच्यांना तो मोजून पाहणे भाग पडले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. हिंदुस्थानातील शेतकी संशोधनाची पाहणी करण्यासाठी रसेल येथेही आले होते आणि त्यांचा अहवाल १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज माळव्यातील सोयाबीन, विदर्भातील तूर किंवा मराठवाड्यातील हरभरा पेरताना शेतकरी गुळाच्या पाण्यात रायझोबियमचे संवर्धन कालवून ते बियाण्याला चोळतो आणि बी सावलीत सुकवितो. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी आणि जीवाणू शेवटी, उन्हात ठेवू नये, लगेच पेरावे, अशा सूचना त्याला दिलेल्या असतात. त्यांमागे हाच इतिहास उभा आहे. बियाण्यावर जीवाणू भरपूर हवेत, कारण पहिल्या काही दिवसांत त्यांतील पुष्कळ आदिजीवांच्या मुखी पडणार आहेत. ते जिवंत आणि ताजे हवेत, कारण उरलेल्यांनाच मुळापर्यंत पोहोचावयाचे आहे. आणि जमिनीत शेणखत व पालापाचोळ्याचा अंश हवा; कारण जी माती भुसभुशीत आणि सच्छिद्र असते, तिच्यात शिकाऱ्याला वावरण्यापुरती ओल आणि शिकारीला लपण्यापुरते बीळ, दोन्ही असते. आदिजीवांचा समूळ नाश करून शेत पिकत नाही, आणि त्यांना विसरून टाकलेले संवर्धनही रुजत नाही. तुरीचे रोप उपटून त्याच्या मुळावर गुलाबी रंगाच्या टपोऱ्या गाठी दिसल्या, की समजावे, त्या शिकारीतून पुरेसे जीवाणू पार पडले आहेत.